हुकूम निघाला, पगार निघाला नाही: टाळेबंदीतील आदेश आणि कामगाराचा हक्क

प्रश्न विचारणारे गृहस्थ बासष्ट कामगारांच्या एका प्लास्टिक कारखान्यात पर्यवेक्षक आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे: २०२० च्या टाळेबंदीत बंद काळाचा पगार कपात न करता द्यावा असा केंद्र सरकारचा आदेश असूनही एप्रिलचा अर्धा आणि मेचा बहुतेक पगार मिळाला नाही, कंत्राटी कामगारांना तर काहीच मिळाले नाही. त्याच काळात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन या देशांत मात्र तातडीचे कायदे होऊन लोकांच्या हाती पैसे पडले. आपल्याकडे आदेश असूनही असे का झाले, आणि ती रक्कम आज मागता येईल का?

कामगार कायद्यांच्या कामात, म्हणजे हजेरीपट, पगारपत्रके, पीएफची चलने आणि कामगार आयुक्तांसमोरच्या तारखा यांत, माझी पंचवीस वर्षांहून अधिक गेली आहेत. त्या आधारे सांगायचे तर आपल्याकडे पगाराचा हुकूम निघाला, पण त्याच्यामागे ना पगाराचा कायदा होता ना पैशांची तरतूद. ज्या आदेशाचा खर्च दुसऱ्याने करायचा असतो, तो आदेश त्या दुसऱ्याच्या ऐपतीपुरताच चालतो. बाकीचे उत्तर म्हणजे याच एका गोष्टीचा तपशील आहे.

२०२० च्या मार्चमध्ये सरकारच्या हाती साथीसाठी म्हणावेत असे दोन कायदे होते. पहिला १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी घाईने केलेल्या या कायद्यात मूळची जेमतेम चार कलमे होती, आणि रोग्याची तपासणी, प्रवासावर निर्बंध, आज्ञाभंगाला शिक्षा व अधिकाऱ्यांना संरक्षण एवढाच त्यांचा आशय होता. साथीमुळे ज्याची चूल बंद पडली त्याच्याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. भूकंप, पूर, त्सुनामी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या या कायद्यात मदतीची भाषा आहे, किमान मदतीचे निकष ठरवण्याचे कलम आहे, कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याचेही कलम आहे. खासगी मालकाने कामगाराला बंद काळाचा पगार द्यावा असे मात्र त्यात कुठेही थेट म्हटलेले नाही. राष्ट्रीय कार्यकारी समितीला आपत्तीच्या वेळी निर्देश देण्याचा सर्वसाधारण अधिकार त्यात आहे, आणि सगळा डोलारा त्या एका अधिकारावर उभा केला गेला.

घटनाक्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. २० मार्च २०२० रोजी केंद्रीय कामगार मंत्रालयाने मालकांना आवाहनवजा पत्र काढले की कोणाला कामावरून काढू नका, पगार कापू नका, आणि साथीमुळे जागा बंद राहिली तर कामगार कामावर आहे असे समजा. हे केवळ सल्लापत्र होते. २३ मार्चला अर्थ मंत्रालयाने केंद्राच्या स्वतःच्या कार्यालयांतील बाह्यस्रोतांमार्फत घेतलेल्या कर्मचाऱ्यांना घरी राहावे लागले तरी कामावर धरून पैसे द्यावेत असे कळवले. त्याच दिवशी संसदेचे अधिवेशन संस्थगित झाले. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. २६ मार्चला १.७० लाख कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर झाले, आणि २९ मार्चला गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तो प्रसिद्ध आदेश काढला की उद्योग असो वा दुकान, प्रत्येक मालकाने बंद काळातील वेतन ठरलेल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावे. भाड्याने राहणाऱ्या मजुरांकडून घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये, हेही त्याच आदेशात होते.

या ओळीत २३ मार्चचे पत्र आणि २९ मार्चचा आदेश शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात हुकूम देणारा आणि पैसे देणारा एकच होता. दुसऱ्यात हुकूम सरकारचा, तिजोरी मालकाची, आणि तिच्यात किती आहे हे कोणी विचारलेले नाही.

आता हा आदेश पगारपत्रकावर कसा उतरला ते पाहा. वेतन प्रदान कायद्यानुसार एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला मागील महिन्याचा पगार ७ तारखेच्या आत द्यावा लागत असे. मार्चचे पहिले तीन आठवडे काम झालेले असल्यामुळे ७ एप्रिलचा पगार बहुतेक ठिकाणी झाला. खरी कसोटी मे महिन्यात, एप्रिलच्या पगाराच्या वेळी आली. मी ज्यांचे काम पाहत होतो त्यांपैकी एका सुट्या भागांच्या कारखान्याचे पगारपत्रक मला अजून आठवते. हजेरीपटावर एप्रिलच्या तीसही घरांत लिपिकाने पेन्सिलीने आडवी रेघ मारून ठेवली होती, कारण तिथे हजर लिहावे, गैरहजर लिहावे, भरपगारी रजा लिहावी की ले-ऑफ (काम देता न आल्याने तात्पुरते घरी बसवणे), हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आदेशात ‘वेतन’ असे म्हटले होते, पण त्यात वाहनभत्ता येतो का, उपाहारगृहाचा भत्ता येतो का, हजेरीवर अवलंबून असलेला बोनस येतो का, यावर चकार शब्द नव्हता. मालकाचे मार्चमध्ये पाठवलेल्या मालाचे पैसे अडकलेले होते, कारण माल घेणाराही बंदच होता. शेवटी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचा निम्मा भाग ‘उचल’ म्हणून दिला गेला. त्या एका शब्दामुळे पुढे दोन वर्षे वाद चालला, कारण उचल म्हणजे परत फेडायची रक्कम, असे मालकाच्या वकिलाचे म्हणणे होते.

आदेश मोडला तर काय? आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५१ व्या कलमाखाली फौजदारी गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद, आणि आज्ञाभंगामुळे जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत. ऐकायला हे कडक वाटते. पण फौजदारी गुन्हा नोंदवून व्यवस्थापक कोठडीत जाईल, कामगाराच्या खात्यात रुपया येणार नाही. थकीत वेतनाची वसुली, त्यावर नुकसानभरपाई, अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत निकाल, ही सगळी यंत्रणा वेतनाच्या कायद्यांत आहे आणि या आदेशाने तिला हातही लावला नव्हता. इतक्या तापलेल्या दिवसांत हे बारकावे कोण पाहणार, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच चूक नाही. पण वटहुकूम काढण्याची सवड होती, हेही तितकेच खरे आहे. ३१ मार्चला करविषयक मुदती वाढवणारा वटहुकूम निघाला, २२ एप्रिलला आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा देणारा साथरोग कायद्याचा दुरुस्ती वटहुकूम निघाला, ५ जूनला दिवाळखोरीची नवी प्रकरणे थांबवणारा वटहुकूम निघाला. कामगाराच्या बंद काळाच्या वेतनासाठी मात्र वटहुकूम निघाला नाही. ते एका साध्या आदेशावर भागवले गेले.

त्याचा परिणाम न्यायालयात दिसला. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिल २०२० रोजी काही कंपन्यांच्या याचिकांवर असे सांगितले की वेतन द्यावे, मात्र जे भत्ते प्रत्यक्ष कामावर आल्यावरच मिळतात, म्हणजे वाहन आणि भोजन भत्ता, ते सोडून. ज्या औद्योगिक भागांत टाळेबंदी उठली आहे तिथे कामगाराने कामावर यावे, न आल्यास ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व लागू करता येईल, असेही त्यात होते. माझ्या मते त्या संपूर्ण काळात पगारपत्रक लिहिणाऱ्याच्या उपयोगी पडेल असा स्पष्टपणा प्रथम या निर्णयाने दिला. पुढे १७ मेच्या आदेशाने केंद्राने १८ मेपासून आधीचे निर्देश संपवले, आणि वेतनाची सक्ती त्यांच्याबरोबर गेली. उरले ते मधले पन्नास दिवस. सर्वोच्च न्यायालयाने ‘फायकस पॅक्स’ प्रकरणात १२ जून २०२० रोजी अंतरिम आदेश दिला: त्या पन्नास दिवसांच्या वेतनाबाबत मालक आणि कामगारांनी आपसांत बोलणी करून तडजोड करावी, न जमल्यास कामगार अधिकाऱ्यांकडे जावे, आणि तोवर मालकांवर सक्तीची कारवाई करू नये. २९ मार्चचा आदेश कायदेशीर होता की नव्हता याचा निवाडा त्या दिवशी झाला नाही. तेव्हा हाती कायदा होता असे म्हणावे तर त्याची अंमलबजावणी थांबलेली, आणि नव्हता म्हणावे तर तसा निकाल नाही. तुमच्या कारखान्यासारख्या असंख्य ठिकाणी कामगार या मधल्या जागेत अडकले.

बोलणी करा, हे वाक्य कागदावर समतोल दिसते. जून २०२० मध्ये जो कामगार गावाहून परत आलेला होता आणि ज्याच्या जागेवर घ्यायला फाटकाबाहेर दहा जण उभे होते, त्याने कोणत्या बळावर बोलणी करायची? जिथे नोंदणीकृत संघटना होती तिथे तीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान करार झालेले मी स्वतः लिहिले आहेत. जिथे संघटना नव्हती तिथे बहुतेकदा एक छापील कागद आला आणि खाली अंगठा किंवा सही घेतली गेली.

आता ज्या देशांचा तुम्ही उल्लेख केला आहे त्यांच्याकडे वळू. तिथेही सगळे आलबेल नव्हते, पण रचनेतला फरक शिकण्याजोगा आहे. अमेरिकेत १८ मार्च २०२० रोजी ‘फॅमिलीज फर्स्ट कोरोनाव्हायरस रिस्पॉन्स ॲक्ट’ वर सही झाली आणि १ एप्रिलपासून वर्षअखेरपर्यंत त्यातील रजा लागू झाल्या. विलगीकरणात असलेल्या किंवा लक्षणे दिसणाऱ्या कामगाराला ८० तासांपर्यंत भरपगारी आजारी रजा, दिवसाला कमाल ५११ डॉलर. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला किंवा शाळा बंद पडल्याने मुलांसाठी घरी थांबणाऱ्याला पगाराच्या दोन तृतीयांश, दिवसाला कमाल २०० डॉलर, आणि मुलांच्या कारणासाठी पुढे आणखी दहा आठवडे. पण यातली खरी कळ पुढे आहे: मालकाने दिलेला हा पगार त्याला वेतनावरील करातून वळता करून घेता येत होता. म्हणजे पैसे कामगाराला ताबडतोब, मालकाला काही दिवसांत, आणि बोजा सरकारवर. मालकाच्या चांगुलपणावर काही सोडलेले नव्हते. उणीवही मोठी होती. पाचशे किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्या या रजेच्या कक्षेबाहेर होत्या, त्यामुळे मोठ्या दुकानसाखळ्यांत आणि गोदामांत राबणारे लाखो लोक कंपनीच्या मर्जीवर राहिले. शिवाय आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांना वगळण्याची मुभा मालकांना होती. दहा दिवसांत, २७ मार्चला, ‘केअर्स ॲक्ट’ आला आणि बेकारभत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलरची भर जुलैअखेरपर्यंत घातली गेली. एरवी बेकारभत्ता न मिळणारे स्वयंरोजगारी लोकही त्यात घेतले गेले.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. कामगाराला कामावरून काढू नका, घरी बसवा, त्याच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड, आम्ही देतो, असे सरकार म्हणाले, आणि ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. कॅनडाने २५ मार्च २०२० च्या कायद्याने दर चार आठवड्यांना २,००० डॉलर थेट व्यक्तीच्या खात्यात घातले. मागील वर्षात किमान ५,००० डॉलर उत्पन्न असावे एवढी मुख्य अट, अर्जदाराच्या शब्दावर विश्वास आणि पडताळणी मागाहून. त्या मागाहूनच्या पडताळणीत पुढे अनेकांना पैसे परत करा अशा नोटिसा गेल्या, हेही सांगितले पाहिजे.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती: पैसे वाहून नेणारा पाट आधीच खणलेला होता. ब्रिटनमध्ये प्रत्येक पगार करखात्याला वेळच्या वेळी कळवला जातो, म्हणून १९ मार्च २०२० पर्यंत ज्याचे नाव पगाराच्या नोंदीत गेले होते त्यालाच लाभ, असे ठरवणे शक्य झाले. आणि ज्याचे नाव त्या नोंदीत पोचले नव्हते तो तिथेही कोरडाच राहिला. संकटात नवे पाट खणता येत नाहीत. जे आहेत त्यांतूनच पाणी सोडावे लागते.

मग आपल्याकडे पाट नव्हते का? होते, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची तरतूद जुनी होती. ज्या कारखान्यात पन्नास किंवा अधिक कामगार आहेत तिथे कच्चा माल, वीज, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांनी काम देता आले नाही, तर हजेरीपटावर नाव असलेल्या आणि वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई मिळते. तुमच्या बासष्ट कामगारांच्या कारखान्याला ही तरतूद लागू होती. कायद्याने ठरवलेला हा अर्धा भाग मालकाकडून आणि उरलेला अर्धा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून (ईएसआयसी), असा वटहुकूम निघाला असता, तर माझ्या अंदाजाने मालकांनी न्यायालयात धाव घेतली नसती आणि कामगारालाही काहीतरी निश्चित मिळाले असते. शंभर टक्क्यांचा आदेश काढल्यामुळे पन्नास टक्क्यांचा हक्कही झाकला गेला, आणि तो कोणी मागितला नाही.

महामंडळाकडे बेकारीसाठी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ २०१८ पासून होती. तिच्यात सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम कमाल ९० दिवस मिळत असे. ऑगस्ट २०२० मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले गेले आणि ते २४ मार्चपासून बेकार झालेल्यांना लागू झाले. ९० ऐवजी ३० दिवसांनंतर दावा देय ठरला, आणि दावा जुन्या मालकामार्फतच पाठवण्याची अट काढली गेली. ज्याचे सरासरी दैनिक वेतन ४८० रुपये त्याला दिवसाला २४०, म्हणजे नव्वद दिवसांचे २१,६०० रुपये. लहान रक्कम नाही. पण एक मेख होती: ही योजना बेकार झालेल्यासाठी आहे. तुमच्यासारखा जो कामगार हजेरीपटावर आहे, ज्याला काढलेले नाही आणि ज्याला पगारही मिळत नाही, तो या योजनेच्या दृष्टीने नोकरीतच असतो. नोकरी शाबूत राहिलेल्याची ही कोंडी कोणत्याच योजनेने पाहिली नाही.

पीएफचा पाट सर्वांत वेगाने उघडला, पण त्यातून जे पाणी आले ते कामगाराच्याच विहिरीचे होते. २८ मार्च २०२० च्या दुरुस्तीने खात्यातील ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, यांतील जी रक्कम कमी ती परत न फेडण्याच्या अटीवर काढता आली. ज्याचे मूळ वेतन १२,००० आणि खात्यात ४०,०००, त्याला छत्तीस हजार नव्हे तर तीस हजार. संकेतस्थळावरील ३१ क्रमांकाच्या अर्जात त्यासाठी वेगळे कारण घातले गेले, आणि जन्मतारखेत आधारशी तीन वर्षांपर्यंत फरक असला तरी आधारवरची तारीख ग्राह्य धरण्याच्या सूचना निघाल्या. तरीही एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे आलेले दहातले सहा-सात दूरध्वनी याच अडचणीचे असत: खात्यात नाव ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’, बँकेत ‘दत्ता’. नाव जुळवण्याच्या संयुक्त घोषणापत्रावर मालकाची सही हवी आणि मालकाचे कार्यालय बंद.

सरकारने स्वतःच्या खिशातून पीएफमध्ये जे घातले, त्याची गोष्ट निराळी. शंभरपर्यंत कर्मचारी आणि त्यांपैकी ९० टक्के जण पंधरा हजारांहून कमी वेतनाचे, अशा आस्थापनांत कामगाराचे १२ आणि मालकाचे १२ असे २४ टक्के सरकारने भरले. सुरुवातीला तीन महिने, नंतर ऑगस्ट २०२० पर्यंत. आता तुमच्या कारखान्याचे गणित करा. बासष्टपैकी सहा जणांचे वेतन पंधरा हजार किंवा अधिक असेल तर कारखाना बसतो. सातवा निघाला की छप्पन्नचे पंचावन्न होतात, टक्केवारी ८८.७ वर येते आणि सगळेच्या सगळे बाहेर. एका अभियंत्याच्या पगारामुळे पंचावन्न यंत्रचालकांचा लाभ जातो, अशी अट लिहिताना कोणी खऱ्या कारखान्याचे पगारपत्रक समोर ठेवले असेल असे मला वाटत नाही.

तुमच्या कंत्राटी कामगारांविषयी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होते की कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकाने ते द्यावे आणि कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करावे. मग मिळाले का नाही? कारण मार्चच्या शेवटी कंत्राटदाराने फोन बंद केला, आणि कोणत्या दिवशी कोण कामावर होते याची नोंद फाटकावरच्या वहीत होती, जी त्याच्याच माणसाकडे होती. परराज्यातील मजुरांसाठी १९७९ पासून स्वतंत्र कायदा होता, त्यात नोंदणी, पासबुक, प्रवासभत्ता सगळे लिहिलेले होते. प्रत्यक्षात नोंदवह्या नव्हत्या. म्हणून रस्त्याने चालत निघालेले लोक किती आहेत हे कोणालाच सांगता येईना, आणि २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी मुदत घालून द्यावी लागली. त्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. बांधकाम मजुरांचे तेवढे बरे झाले, कारण उपकरातून जमलेला निधी कल्याण मंडळांकडे होता. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी नोंदणीकृत बांधकाम कामगारांना १,५०० रुपये दिले गेले. पण ज्याने नोंदणीचे नूतनीकरण केले नव्हते त्याला नाही, आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कोण देणार, हा प्रश्न साथीच्या आधीही होता आणि आजही आहे.

कुटुंबांच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे बरे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा तेच: जिथे कायद्यात शब्द होता तिथे मागता आले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात किमान मदतीच्या निकषांत मृत्यूबद्दलच्या सानुग्रह साहाय्याचा उल्लेख आहे. त्या उल्लेखाच्या बळावर सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी, हे निकष ठरवणे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे, असा निर्णय दिला आणि त्यातून कोविडमृत्यूमागे ५०,००० रुपये ठरले. रक्कम तोकडी होती, पण ती हक्काची होती, आणि मृत्युदाखल्यावर कारण लिहिलेले नसेल तर कोणाकडे दाद मागायची हेही ठरवून दिले गेले. राज्य विमा महामंडळाच्या कोविड मदत योजनेत मृत विमाधारकाच्या अवलंबितांना सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के निवृत्तिवेतन लागू झाले. पीएफशी जोडलेल्या ठेव विम्याची कमाल रक्कम एप्रिल २०२१ मध्ये ७ लाखांवर गेली. या दोन योजनांचे अर्ज मी विधवांसाठी भरले आहेत, आणि माझा अनुभव असा की ज्यांना कागदपत्रांसाठी कोणीतरी हात दिला त्यांना पैसे मिळाले.

संकटाच्या नावाखाली उलट दिशेचे हुकूमही निघाले. गुजरातने १७ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेने कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि जादा तासांना दुप्पट दराऐवजी साधा दर आणला. त्यासाठी कारखाने कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ चे कलम वापरले. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली आणि साथीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका पोचवणारी आणीबाणी नव्हे असे सांगितले. जादा कामाचे कायदेशीर दराने पैसे देण्याचाही आदेश झाला. लक्षात घ्या, इथे कामगार जिंकला, कारण दुप्पट दर कायद्यातच लिहिलेला होता.

आज, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झालेल्या असताना, पुन्हा साथ आली तर काय हाती लागेल? ले-ऑफची ५० टक्के भरपाई औद्योगिक संबंध संहितेत कायम आहे. वेतन संहितेने थकीत वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत दिली आहे, पूर्वी ती बारा महिन्यांची होती. सामाजिक सुरक्षा संहितेत साथीचा उल्लेख आहे खरा, पण तो साथ किंवा राष्ट्रीय आपत्तीत पीएफ व विम्याची वर्गणी एका वेळी तीन महिन्यांपर्यंत कमी करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार सरकारला देण्यासाठी. बंद काळात वेतनाचा किती भाग कोण देईल, हे तिथेही लिहिलेले नाही. २०२० मध्ये मे ते जुलै पीएफची वर्गणी बारावरून दहा टक्क्यांवर आणली होती, त्याच पद्धतीला आता कायमचे कलम मिळाले, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

राहिला तुमच्या थकीत रकमेचा प्रश्न. वेतनाच्या अर्जाची जुनी बारा महिन्यांची मुदत केव्हाच संपली, आणि विलंब माफ करायला सबळ कारण दाखवावे लागेल. मालकाकडून येणे असलेल्या रकमेची गणना करून घेण्याचा, औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३-सी(२) या कलमाचा मार्ग होता, आणि न्यायालयांनी त्याला ठरावीक मुदत लावलेली नव्हती; त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण तिथे हक्क आधीपासून निर्विवाद असावा लागतो. पूर्ण पगाराचा हक्क २९ मार्चच्या आदेशावर उभा करायला गेलात तर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ जूनच्या आदेशाने त्याखालची जमीन भुसभुशीत करून ठेवली आहे. म्हणून माझा सल्ला असा की मागणी ले-ऑफच्या ५० टक्क्यांवर बांधावी. तुमचा कारखाना पन्नासच्या वर आहे, हजेरीपटावरचे कामगार वर्षभराच्या सेवेचे आहेत आणि मेच्या पगारापोटी मिळालेली रक्कम त्या निम्म्याहूनही कमी आहे. पर्यवेक्षक म्हणून तुम्ही स्वतः ‘कामगार’ या व्याख्येत बसता की नाही हा वेगळा मुद्दा, तो तुमच्या प्रत्यक्ष कामावर आणि वेतनावर ठरेल. या कशाच्याही आधी एक करा. जून किंवा जुलै २०२० मध्ये तुमच्याकडून आणि इतरांकडून सही घेतलेला एखादा कागद असेल, तर त्याची प्रत मिळवा आणि त्यात ‘तडजोड’, ‘उचल’ की ‘पूर्ण व अंतिम’ यांपैकी कोणता शब्द आहे ते पाहा. तो शब्द कळल्याशिवाय मीच काय, कोणताही वकील तुम्हाला पुढचे पाऊल सांगू शकणार नाही.